३३ चे टायर टाकले आणि ट्रकचा दमच गेला: डिफरन्शियलला ४.५६, ४.८८ की ५.२९?

सह्याद्री_ते_रॉकीज | १४ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे दोन-चार जीपवाले ट्रकवाले लपून बसलेत हे मला माहितीये.

गाडी २०१९ ची टोयोटा टाकोमा, टीआरडी ऑफ-रोड, ३.५ लिटर व्ही६, सहा स्पीड ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. राहतो डेन्व्हरजवळ. गेल्या उन्हाळ्यात ३ इंचाची लिफ्ट केली (म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच केली) आणि कंपनीचे २६५/७०आर१६ काढून २८५/७५आर१६ टाकले, म्हणजे साधारण ३३ इंची. दिसायला गाडी अशी झालीये की पार्किंगमधे लांब गेल्यावर दोनदा मागे वळून बघतो. पण चालवायला?? सपाटीवर सहावा गिअर पडतो न पडतो तोच परत पाचव्यात, जरा वारा समोरून आला की चौथ्यात, आणि आय-७० हायवेवरून रॉकीजमधल्या आयझेनहावर टनेलकडे चढायला लागलो की तिसरा-चौथा तिसरा-चौथा असा नुसता खेळ चालतो, ५५ च्या पुढे जीवच नाही. मागे सेमी ट्रक येऊन चिकटतो तेव्हा लाज वाटते राव.

सगळे म्हणतात रीगिअर कर, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे गिअर बदल. आत्ता कंपनीचा रेशो ३.९१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ॲक्सलकडे येणारा शाफ्ट ३.९१ वेळा फिरतो; आकडा मोठा तसा जोर जास्त आणि इंजिनही जास्त फिरतं. एका दुकानाने ४.८८ सांगितलं, दुसऱ्याने ५.२९, आणि ऑफिसमधला एकजण म्हणतो ४.५६ च्या पुढे गेलास तर हायवेवर पेट्रोलचा धूर. मी स्वतः हिशोब केला तर उत्तर ४.१९ आलं!! कोण खरं बोलतंय? दोन्ही ॲक्सल मिळून २६०० डॉलरचं कोटेशन आहे, म्हणजे एकदाच करायचंय, चुकून चालणार नाही.

---

चिवडा_किंग | १४ मार्च, रात्री ९:५२

पहिला. जुने टायर परत लाव. ० डॉलर. धागा संपला.

---

सह्याद्री_ते_रॉकीज | १४ मार्च, रात्री ९:५५

@चिवडा_किंग, जुने विकले. आणि तू झोप.

---

नट_बोल्ट | १४ मार्च, रात्री ११:१०

तुझं ४.१९ बरोबर आहे आणि तरीही ते तुझं उत्तर नाहीये. सांगतो. (मी मिशिगनमधे ड्राइव्हलाइनमधेच काम करतो, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.)

तू काय केलंस, जुना टायर ३०.६ इंच, नवा ३२.८ इंच, ३.९१ ला ३२.८ ने गुणलं, ३०.६ ने भागलं, आलं ४.१९. याचा अर्थ एवढाच की ४.१९ टाकलंस तर इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) पूर्वी होते तिथे परत येतील. पण तुझी गाडी आता पूर्वीची राहिलीये का? टायर उंच झाला तसा जडही झाला, आणि फिरणारं वजन परिघावर वाढलं की ते हलवायला जास्त जोर लागतो. लिफ्टमुळे गाडी वाऱ्याला जास्त अडते. वर बंपर, स्किड प्लेट, रूफ रॅक असं काय काय लावलं असशीलच. तर आरपीएम जुन्या जागी आणून भागत नाही, थोडे वर न्यावे लागतात. एक गैरसमज आधी काढतो, लिफ्टचा रेशोच्या गणिताशी थेट काही संबंध नाही, लिफ्ट ६ इंचाची कर नाहीतर ० ची, रेशो बिघडवतो तो टायर. लिफ्टचं दुखणं वेगळं, तुझ्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे त्यामुळे ३ इंचात पुढची चाकं फिरवणाऱ्या सीव्ही शाफ्टचा कोन वाढतो, ते बघत राहा.

आता आरपीएम कसे काढायचे. फॉर्म्युला पाठ करू नका, असा विचार करा: ३२.८ इंची टायरचा परीघ १०३ इंच. मैलात ६३,३६० इंच. म्हणजे मैलाला चाक ६१५ वेळा फिरतं. ताशी ६० ने मिनिटाला एक मैल, म्हणजे चाकाचे ६१५ आरपीएम. ७० ला ७१७. त्याला डिफरन्शियलने गुणा, मग ज्या गिअरात आहात त्या गिअरच्या रेशोने गुणा. झालं. तुझ्या ऑटोमॅटिकचा सहावा ०.५८ आहे. हा आकडा लक्षात ठेव, सगळी गोम इथे आहे, हा फार म्हणजे फारच उंच गिअर आहे.

७० मैलाला सहाव्यात:
कंपनीचे टायर, ३.९१: १७४३
३३ चे टायर, ३.९१: १६२६
३३ चे, ४.५६: १८९७
३३ चे, ४.८८: २०३०
३३ चे, ५.२९: २२०१

(टायर वजनाखाली थोडा दबतो त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन टक्के वर धर.)

बघ, ५.२९ टाकूनसुद्धा ७० ला २२०० च. ऑफिसमधल्या मित्राला म्हणावं धूर कुठून येणार? तुझं इंजिन २६५ पौंड-फूट टॉर्क देतं ते ४६०० ला. १६२६ ला त्याच्याकडून ढकलायची अपेक्षा म्हणजे पहाटे ४ ला उठवून कुणाला उखाणा घ्यायला लावणं.

---

मीनल_ऑस्टिन | १५ मार्च, सकाळी ७:२०

विरुद्ध मत मांडते, कारण २६०० डॉलर झाडाला लागत नाहीत. माझ्याकडे पण टाकोमा आहे, टायर ३२ च्या आसपास, लिफ्ट २ इंच. मी काहीही बदललं नाही. हायवेवर लिव्हर एस मोडमधे टाकते आणि ५ वर ठेवते, म्हणजे ती सहाव्यात जातच नाही, गिअरची उड्याउडी बंद. शिवाय ईसीटी पॉवरचं बटण आहे ते दाबलं की गिअर जास्त वेळ धरून ठेवते. फुकटात ८० टक्के काम होतं. आधी महिनाभर हे करून बघ, मग पैसे काढ.

आणि मायलेज! सगळे रडतात की मोठे टायर टाकल्यावर मायलेज पडलं, पण कुणी ओडोमीटरची चूक धरत नाही. टायर मोठा म्हणजे गाडी जास्त चालते आणि मीटर कमी मोजतो. तुझ्या टायरला सात टक्के फरक पडेल. मीटर ७० दाखवतो तेव्हा तू ७५ ला असतोस, पोलिसाने थांबवल्यावर हे गणित त्याला समजावून बघ.

---

नट_बोल्ट | १५ मार्च, सकाळी ८:०५

@मीनल_ऑस्टिन, एस-५ चं पूर्ण मान्य, पाचवा ०.६८७ आहे, ३.९१ वर ३३ च्या टायरने ७० ला १९२६ येतात. म्हणजे तुम्ही फुकटात जवळपास ४.६ चा गिअर घालून चालवताय असं म्हणा ना. टेक्सासात सपाटीवर एवढं पुष्कळ झालं. पण तो डेन्व्हरला आहे. आणि एस मोडने वरचा गिअर टाळता येतो, खाली नवीन गिअर मिळत नाही. पहिल्यात चढ किंवा दगड, तिथे पहिल्याच्या खाली जायला जागाच नसते.

---

जीपवाला_नाशिककर | १५ मार्च, सकाळी ९:३३

४.८८ डोळे झाकून. माझ्या जेके रँगलरला ३५ चे टायर आणि ४.८८ आहेत, मोॲबला (युटामधले दगडी ट्रेल) तीनदा जाऊन आलो, लोण्यासारखी चालते. कंपनीचा ३.२१ होता, रेड लाईट सुटल्यावर शाळेची बस माझ्या पुढे निघायची. फक्त मला कॅरियरपण (डिफरन्शियलचा मोठा गिअर ज्यावर बसतो तो भाग) बदलावे लागले, कारण तिथे ठराविक रेशोपर्यंत एक कॅरियर चालतो आणि पुढे दुसरा, ते दुकानदाराने आधी सांगितलं नव्हतं आणि बिल बघून मी जमिनीवर बसलो.

---

नट_बोल्ट | १५ मार्च, सकाळी ९:५०

@जीपवाला_नाशिककर, भाऊ तुझं ४.८८ आणि त्याचं ४.८८ हे एक नाही, लोक इथेच फसतात. तुझ्या पाच स्पीड ऑटोमॅटिकचा टॉप गिअर ०.८३. त्याचा ०.५८. तुझी जीप ७० ला २७५० च्या पुढे फिरत असेल, बरोबर? त्याची ३३ वर त्याच ४.८८ ने २०३० ला फिरेल. शेजाऱ्याचा चष्मा घालून पेपर वाचण्यातला प्रकार आहे. डिफरन्शियलचा आकडा एकटा काही बोलत नाही, टॉप गिअर आणि टायर शेजारी उभे केले की बोलतो.

---

जीपवाला_नाशिककर | १५ मार्च, सकाळी १०:०२

२८०० च्या आसपास फिरते खरी. 😅 तरी पण ४.८८ च.

---

खंबाटकी_रिटर्न | १५ मार्च, रात्री ९:१५ (भारतातली)

वाचतोय आणि मजा येतेय. तुम्ही पोरं दशांशात बोलता, आमच्याकडे दातात बोलायचे. वडील टाटाच्या ट्रकवर होते, वाई-सातारा-मुंबई, उसाच्या सीझनला कारखान्यावर. हौसिंगचं (म्हणजे तुमच्या डिफरन्शियलचं) बोलणं निघालं की ‘एकेचाळीस-सहा’ नाहीतर ‘एकेचाळीस-सात’. म्हणजे क्राऊनला (मोठ्या गिअरला) ४१ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्याला) ६ किंवा ७. भागाकार करा, ६.८३ आणि ५.८६. घाटात लोड ओढायचा त्याने सहाचं पिनियन बघायचं आणि लांब पल्ल्याला पळायचंय त्याने सातचं. एका दाताचा फरक पण गाडी विकत घेताना माणसं हौसिंगची प्लेट पुसून वाचायची. त्यामुळे सह्याद्री, तुझे हे ४.५६, ४.८८ वगैरे किती दाती ते सांगशील का? म्हणजे मला कळेल.

घरी नंतर एक जुनी महिंद्राची सीजे-३बी पण होती, तिला ५.३८ चं हौसिंग, तीन गिअर, तिसरा सरळ एकास एक, ओव्हरड्राईव्ह (एकाच्या खालचा रेशो) वगैरे भानगड नाही. ६० किलोमीटरला आवाज असा की मागे बसलेल्या आत्याशी बोलायचं तर गाडी थांबवून.

---

नट_बोल्ट | १५ मार्च, दुपारी १२:४०

काका, क्या बात है! हाच खरा हिशोब, दशांश नंतर आले. घ्या:

३.९१ म्हणजे ४३ ला ११
४.५६ म्हणजे ४१ ला ९
४.८८ म्हणजे ३९ ला ८
५.२९ म्हणजे ३७ ला ७
आणि तुमच्या सीजेचा ५.३८ म्हणजे ४३ ला ८.

तुमच्या सीजेचं गणित पण केलं मगाशी, ६.००-१६ च्या टायरवर ६० किलोमीटरला २३५०-२४०० आरपीएम. आत्याचं बरोबर होतं. बाय द वे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता, म्हणजे ८० वर्षांनी माणसं फिरून त्याच आकड्यावर येतायत.

पण दातांवरून एक महत्त्वाची गोष्ट निघते जी दुकानदार सांगत नाहीत. क्राऊन तेवढ्याच व्यासाचा ठेवायचा (कारण हौसिंग तेवढंच) आणि रेशो वाढवायचा म्हणजे पिनियन लहान करत जायचं. ११ दाती पिनियनचं डोकं मुठीएवढं भरीव असतं असं समज, ७ दाती बघितलंस तर काळजी वाटते. एका वेळी कमी दात एकमेकांत अडकलेले असतात आणि तेवढ्यांवरच सगळा जोर. ३५ चा टायर, पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा), चाक दगडात अडकलंय आणि पाय दाबलेला, अशा वेळी पहिलं काय जातं ते सांगायला नको. म्हणून उगाच ५.२९ नको. गरज असेल तर जरूर घ्या, बरेच लोक चालवतात.

---

थारप्रेमी_पुणे | १५ मार्च, रात्री ११:३०

माझी नवी थार आहे, डिझेल. मोठे टायर टाकायचा विचार चाललाय, मला पण रीगिअर करावं लागेल का? इथे कोण करून देतं?

---

खंबाटकी_रिटर्न | १६ मार्च, सकाळी ६:४५

@थारप्रेमी_पुणे, आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल पण आहे. हे अमेरिकेतलं बघून तिकडे उंच टायर लावशील आणि इकडे पासिंगला, इन्शुरन्सला रडशील. आणि डिझेलला खाली टॉर्क असतो रे, तुला यांच्यासारखा त्रास तेवढा जाणवणार पण नाही.

---

थारप्रेमी_पुणे | १६ मार्च, सकाळी ८:१०

ओके काका. बायको पण हेच म्हणत होती, कलम न सांगता.

---

सह्याद्री_ते_रॉकीज | १६ मार्च, सकाळी ९:००

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. मीनलताई, काल तुमचा एस-५ चा प्रयोग केला. बोल्डरपर्यंत गेलो आलो, सपाटीवर फरक मस्त आहे, उड्या बंद. पण मग मुद्दाम आय-७० ला वळलो आणि फ्लॉइड हिलला परत तेच, पाचव्यात ओढत नाही, चौथ्यात पडते, तिथेही सुटत जाते, मग तिसऱ्यात ३३०० वर किंचाळत ५५. मागे दोन पोरं आणि पाहुणे असतील तर विचारूच नका.

नट_बोल्ट, एक शंका. उंचीचा यात काय वाटा आहे? नवी असताना डेन्व्हरला आणली तेव्हाच मुंबईच्या मित्राने चालवून ‘हिला काय झालंय’ विचारलं होतं.

---

नट_बोल्ट | १६ मार्च, दुपारी १:२५

मोठा वाटा आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाला दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकदीचं नुकसान धर, हवाच विरळ. डेन्व्हर ५२८० फूट. आयझेनहावर टनेल ११,००० च्या वर. तुझ्या इंजिनाचे कागदावर २७८ हॉर्सपॉवर, टनेलच्या तोंडाशी पोचेपर्यंत १८५ च्या आसपास उरतात, तेही ६००० आरपीएम केलेस तर.

आता उलटा हिशोब कर. गाडी माणसांसकट ५००० पौंड धरू, चढ ६ टक्के. नुसतं वर उचलायला ३०० पौंडांचा जोर लागतो, ताशी ६० ने ते झाले ४८ हॉर्सपॉवर. हवा आणि टायरचं घर्षण धरून एकूण ९० च्या घरात जातं. चौथा गिअर एकास एक आहे. ३.९१ वर ६० ला चौथ्यात तुझे आरपीएम २४००. त्या उंचीवर २४०० ला इंजिन ९० देऊ शकत नाही, म्हणून तिसरा. तिसऱ्यात देतं, पण मग जास्त होतं म्हणून कंप्युटर परत चौथा टाकतो. तुझा तिसरा-चौथा खेळ तो हाच. गाडी बिघडलेली नाहीये, दोन पायऱ्यांच्या मधे पाय अडकलाय.

४.८८ टाकलास तर ६० ला चौथ्यात बरोबर ३००० येतात. तिथे ती उभी राहील असा माझा अंदाज. ४.५६ ला २८००, काठावर. ५.२९ ला ३२५०, आरामात.

त्यामुळे माझं विचारशील तर प्रश्न एकच, पुढच्या तीन वर्षांत ३५ चे टायर टाकणारेस का? खरं सांग. ३५ (म्हणजे ३१५/७०आर१७, प्रत्यक्षात ३४.४ इंच) असतील तर ५.२९, ७० ला २१०० येतात. ३३ वरच थांबणार असशील तर ४.८८. ४.५६ बद्दल माझं मत आहे की दोन्ही ॲक्सल उघडायची मजुरी तेवढीच द्यायची आणि अर्ध्या वाटेवर उतरायचं कशाला. मजुरीच खरा खर्च आहे, गिअर सेट कुठलाही घे किंमत सारखीच.

---

चिवडा_किंग | १६ मार्च, दुपारी १:३१

‘पुढच्या तीन वर्षांत खरं सांग’ हे इंटरव्ह्यूत पण विचारतात.

---

सह्याद्री_ते_रॉकीज | १६ मार्च, रात्री १०:२०

खरं सांगतो. ३५ टाकायचे तर बॉडी माउंट कापावा लागेल, पुढचे कंट्रोल आर्म, परत ब्रेकची भीती. ३३ ला आतलं प्लास्टिक कापलं तेव्हाच घरात दोन दिवस अबोला होता. ३३ वरच थांबणार. ४.८८.

अजून काही विचारायचं राहिलं असेल दुकानात तर सांगा, पुढच्या शुक्रवारी गाडी देतोय.

---

जीपवाला_नाशिककर | १६ मार्च, रात्री १०:४१

म्हटलं होतं ना. 😎

माझ्या पहिल्या वेळचं सांगतो कारण तेव्हा मी काहीच विचारलं नव्हतं. गाडी घेतली आणि ५० ला मागून घरघर, पाय काढला की बंद, परत पाय दिला की सुरू. दुकानवाला म्हणाला नवीन आहे, बसेल. नाही बसली. २००० मैलांनी दुसऱ्याने उघडलं तर दातांवर खूण सगळी एका टोकाला, म्हणजे पिनियनची खोली चुकलेली. शिम (खोली जुळवणारी पातळ चकती) चुकीची. सेट भंगारात. तर पेंट लावून दातांची खूण काढतात ना, तिचा फोटो माग, पुढच्या आणि मागच्या दोन्हीचा. ओढतानाची बाजू आणि सोडतानाची बाजू, खूण दाताच्या मधोमध पाहिजे. फोटो द्यायला का कू करत असेल तर गाडी घेऊन घरी ये.

---

नट_बोल्ट | १७ मार्च, सकाळी ७:५५

+१००. फोटोबरोबर बॅकलॅशचा (दोन गिअरच्या दातांमधल्या मोकळ्या फटीचा) आकडा पण लिहून घे. आणि:

पिनियनच्या बेअरिंगमधे क्रश स्लीव्हऐवजी (आवळल्यावर दबणारी नळी) सॉलिड स्पेसर घालणार का विचार. स्लीव्ह एकदाच दबते, जास्त आवळली की नवी, घाईत माणसं तशीच सोडतात. बेअरिंग जुनेच परत बसवणार असेल तर नाही म्हण.

तुझ्या पुढच्या डिफरन्शियलचं हौसिंग शिंपल्यासारखं दोन भागात उघडतं, ते गाडीतून खाली काढूनच करावं लागतं. म्हणजे पुढे लॉकर कधी टाकायचा मनात असेल तर आत्ताच, नंतर हीच मजुरी परत. मागे तुला कंपनीचा ई-लॉकर आहे हे सांगून ठेव, सेट त्याप्रमाणे मागवावा लागतो.

आणि कुणी ‘आत्ता फक्त मागचा करू, पुढचा दिवाळीला’ म्हणालं तर पळ. दोन्ही ॲक्सल एका रेशोचे नसतील आणि तू फोर व्हील टाकलंस तर पुढची चाकं एका गतीने फिरायला बघतात मागची दुसऱ्या, ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) भरीत.

---

मीनल_ऑस्टिन | १७ मार्च, सकाळी ८:३०

मी अजून माझ्या मतावर आहे पण ११,००० फुटाचं गणित बघून गप्प बसते. ऑस्टिनला टेकडीला पण डोंगर म्हणतात. 🙂

---

सह्याद्री_ते_रॉकीज | २६ एप्रिल, रात्री ८:५०

धागा वर काढतोय.

काम झालं, ४.८८ पुढे मागे, लॉकर नाही घेतला (बजेट). फोटो मागितले तर मेकॅनिकने आधी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जावई आहे आणि हुंड्याची पावती मागतोय, पण मग खूश झाला आणि स्वतः समजावून सांगितलं. बॅकलॅश मागे सात थाउ (इंचाचे हजारावे भाग), पुढे सहा. जुना पिनियन आणि नवा पिनियन शेजारी ठेवून दाखवला, काका, खरंच लक्षात येतं, ११ दात आणि ८ दात, नवा एकदम शेंगदाण्यासारखा दिसतो त्याच्यापुढे.

ब्रेक-इन नीट केलं. पहिल्या दिवशी १५-२० मैल हळू, मग तासभर थंड होऊ दिली, असं तीन वेळा. हाउसिंगला हात लावून बघायचो, गरम व्हायचं पण हात ठेवता यायचा. ५०० मैल काही ओढलं नाही, हायवेवर एकाच स्पीडने रेटली नाही. ५०० ला दोन्हीचं ऑइल बदललं, ७५डब्ल्यू-९०, जुन्यात अगदी बारीक चंदेरी चुरा होता, मेकॅनिक म्हणाला एवढा निघतोच, कण बोटाला टोचले तर काळजी.

मग गेल्या शनिवारी पोरं, बायको, सासूबाई, कूलर असं सगळं भरून डिलनला गेलो. फ्लॉइड हिल चौथ्यात. टनेलच्या शेवटच्या चढाला ६० ला चौथ्यात काटा ३००० वर, हलला नाही! मी दोनदा बोट दाखवून बायकोला दाखवलं, ती म्हणाली रस्त्याकडे बघ. समोरून वारा आला तेव्हा एकदा तिसरा पडला, ते ठीक. शहरात तर ट्रक २० वर्षांनी तरुण झालाय, सिग्नलला पाय ठेवला की निघतो. सहावा गिअर आता खरंच वापरात येतो, सपाटीवर ७० ला २०५० दाखवतो, नट_बोल्ट तू २०३० म्हणाला होतास.

मायलेज: टायर बदलायच्या आधी २० मिळायचं. टायर टाकल्यावर मीटरप्रमाणे साडेसोळा, मीनलताईंची सात टक्क्याची दुरुस्ती केली तर पावणेअठरा. आता दुरुस्ती धरून साडेसतरा ते अठरा. म्हणजे होतं तेवढंच. ऑफिसमधल्या मित्राला आकडे पाठवले, तो म्हणतो डोंगरातून येताना उतार असतो म्हणून.

दगडात अजून नेली नाही. हिशोब केला तेवढा, लो रेंजमधे (फोर व्हीलचा हळू, जास्त जोराचा टप्पा) पहिल्या गिअरला एकूण रेशो पूर्वी ३६ चा होता तो आता ४५ चा झाला, टायर मोठा झाल्याचं धरूनही बरंच हाती उरतं. जूनमधे बर्फ वितळल्यावर बघू.

---

नट_बोल्ट | २६ एप्रिल, रात्री ९:३०

२० आरपीएमचा फरक टायर दबल्याचा. मस्त!! फोटो टाक खुणांचा.

---

खंबाटकी_रिटर्न | २७ एप्रिल, सकाळी ६:३०

चढायचं सगळ्यांनी विचारलं. उतरताना कशी आहे ते सांग. वडिलांचा नियम होता, घाट ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.

---

सह्याद्री_ते_रॉकीज | २७ एप्रिल, सकाळी १०:१५

काका, हे मी लिहायचंच विसरलो आणि खरंतर हाच मोठा फरक आहे. टनेलमधून परत डेन्व्हरकडे उतरताना पूर्वी तिसऱ्यात घातली तरी ६५-६८ ला जायची आणि मग ब्रेक, ब्रेक, ब्रेक, खाली पोचेपर्यंत चाकातून वास. या वेळी तिसरा घातला, ६० वर बसली, इंजिन आवाज करत होतं थोडा पण ब्रेकला जॉर्जटाउनपर्यंत तीन-चारदाच हात, म्हणजे पाय, लावला.

सासूबाई मागून म्हणाल्या, एवढा आवाज का करतेय, बंद पडेल का. म्हटलं नाही, घाट उतरतेय.

---

खंबाटकी_रिटर्न | २७ एप्रिल, सकाळी १०:४०

मग बसला बघ सेट. हजार मैलांना पुन्हा एकदा ऑइलचा प्लग उघडून बोट घालून बघ.